अॅझेरॉथ नांवाचें जग

कल्पित देशांची व तेथील पराक्रमांची गोडी मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. सात समुद्रांपलीकडील राक्षस, पोपटांत दडविलेला त्याचा प्राण व तो शोधावयास निघालेला राजपुत्र यांच्या गोष्टी आपण सर्वांनींच लहानपणीं ऐकिल्या आहेत. त्या गोष्टींत राजपुत्रानें काय करावें हें सांगणारी आजी ठरवीत असे. आज आम्ही ज्या खेळाचें वर्णन करणार आहों त्यांत तें ऐकणारानेंच ठरवावयाचें असतें; आणि त्याच वेळीं त्याच देशांत हजारों इतर माणसें आपापला निश्चय करून वावरत असतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस अशा खेळांची चांगली ओळख आहे. पालकांपैकीं पुष्कळांस ती नाहीं. आपलें मूल ज्या जगांत जाऊन येतें तें कसें आहे हें आईबापांनीं जाणावें, आणि आपण ज्या खेळांत रमतों त्याची रचना कोणत्या हेतूनें केली आहे याचा विद्यार्थ्यांनीं विचार करावा, ह्या उद्देशानें ह्या जातीच्या खेळांपैकीं अत्यंत प्रसिद्ध अशा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळाचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

प्रथम त्याचा पूर्ववृत्तांत. सन १९७४ मध्यें अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा बैठा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत मित्रमंडळीनें एकत्र बसावें, प्रत्येकानें एकेका वीराचें सोंग घ्यावें, एकानें सूत्रधार व्हावें, आणि वाराचा परिणाम फांसे टाकून ठरवावा, अशी रीत होती. पुढें १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल ह्या विद्यार्थ्यांनीं हीच कल्पना संगणकावर आणिली. त्यांच्या खेळांत चित्रें मुळींच नव्हतीं. सर्व व्यवहार अक्षरांनीं चाले. ह्या बीजापासून जो वृक्ष वाढला त्याची सर्वांत मोठी शाखा म्हणजे कॅलिफोर्नियांतील ब्लिझर्ड एन्टरटेनमेंट ह्या कंपनीनें २३ नोव्हेंबर २००४ रोजीं सुरू केलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ होय. आक्टोबर २०१० मध्यें त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांहून अधिक झाल्याचें कंपनीनें जाहीर केलें होतें.

खेळांतील जगाचें नांव अॅझेरॉथ. त्यांत आरंभीं दोन खंडें होतीं : पश्चिमेस कॅलिमडॉर व पूर्वेस 'ईस्टर्न किंगडम्स', म्हणजे पूर्वेकडील राज्यें. दोहोंच्या मध्यें महासागर असून त्यांत एक प्रचंड भोंवरा अखंड फिरत असतो. नवख्या खेळाडूस एका मुलखांतून दुसऱ्यांत जावयाचें असल्यास पायीं चालावें लागतें. ओळखीच्या झालेल्या ठाण्यांमध्यें, अर्धें शरीर सिंहाचें व अर्धें गरुडाचें अशा ग्रिफनच्या पाठीवर भाडें देऊन उडत जातां येतें. खंडांतर करणारानें धक्क्यावर उभें राहून जहाजाची वाट पाहावी, आणि तें चुकलें तर दुसरें येईपर्यंत स्वस्थ थांबावें. स्टॉर्मविंड हें मनुष्यांचें नगर व आयर्नफोर्ज हें डोंगराच्या पोटांत कोरलेलें बुटक्या लोकांचें नगर, ह्यांना एक भुयारी रेल्वे जोडते. तेथें घड्याळ आहे, दिवस मावळतो, रात्र होते.

ह्या जगांतील लोक दोन पक्षांत विभागले आहेत. 'अलायन्स' ह्या पक्षांत आरंभीं मनुष्य, बुटके, निशाचर एल्फ व नोम, आणि 'होर्ड' ह्या पक्षांत ऑर्क, ट्रोल, वृषभमुखी टॉरेन व मरून उठलेले 'अनडेड' अशा एकंदर ८ जाति होत्या. ऑर्क दिसावयास उग्र खरे. परंतु त्यांचा इतिहास वाचतां ते बंदिवासांतून सुटून, समुद्र ओलांडून, राहावयास भूमि शोधणारे लोक आहेत असें दिसून येतें. एका पक्षाच्या खेळाडूनें लिहिलेलें वाक्य दुसऱ्या पक्षाच्या खेळाडूस निरर्थक अक्षरांच्या रूपानें दिसतें. परस्परांची भाषा कळूं नये म्हणून ही योजना केली होती. ज्याचें बोलणें समजत नाहीं त्याला शत्रु मानणें किती सोपें जातें, हें ह्या एका नियमावरून ध्यानांत येण्याजोगें आहे. पुढें २०२२ सालीं दोन्ही पक्षांच्या खेळाडूंस एका टोळींत मिळून जाण्याची मोकळीक देण्यांत आली.

खेळाडूनें प्रथम एक जाति व एक वृत्ति निवडावयाची असते. योद्धा, शिकारी, मांत्रिक, वैद्यकी जाणणारा पुरोहित वगैरे ९ वृत्ति आरंभीं होत्या. आतां १३ आहेत. त्यानंतर पहिल्या पातळीपासून वर चढावयाचें. मूळच्या खेळांत अशा ६० पातळ्या होत्या. गांवांतील लोक कामगिऱ्या सांगतात, त्यांना 'क्वेस्ट' म्हणतात. कोणाचा हरवलेला माल शोधून द्यावा, कोणाच्या शेतांतील उपद्रवी जनावरें मारावीं, कोणाचें पत्र दूरच्या नगरीं पोहोंचवावें, अशीं तीं कामें असतात. तीं केल्यानें अनुभवाचे गुण मिळतात व गुण सांठले कीं पातळी वाढते. मरण आलें तर तें कायमचें नसतें. खेळाडूचें भूत स्मशानांत प्रकट होतें, आणि त्यानें धांवत जाऊन आपलें कलेवर गांठलें म्हणजे तो पुनः जिवंत होतो. मात्र अंगावरील चिलखताची झीज होते व लोहाराकडे दुरुस्तीचे पैसे भरावे लागतात.

ह्या कामगिऱ्यांत कथेचा भाग किती असतो याचें एक उदाहरण देतों. वेस्टफॉल नांवाच्या मुलखांतील शेतकरी, डीफायस नांवाच्या दरोडेखोरांनीं आम्हांस नागविलें, अशी तक्रार करितात. खेळाडू त्यांच्या पारिपत्यास निघतो. हळूहळू त्यास कळतें कीं, हे दरोडेखोर एके काळीं पाथरवट होते. युद्धांत उद्ध्वस्त झालेलें स्टॉर्मविंड नगर त्यांनींच पुनः बांधिलें, आणि काम पुरें झाल्यावर तेथील सरदारांनीं त्यांची मजुरी बुडविली. त्यांचा नायक एडविन व्हॅनक्लीफ हा त्या पाथरवटांचा प्रमुख होता. खाणीच्या तळाशीं, एका गुहेंत दडविलेल्या जहाजावर, त्याच्याशीं शेवटची गांठ पडते. दरोडेखोरी अन्यायाचीच, परंतु तिच्या मुळाशीं दुसरा अन्याय होता, हें जो विद्यार्थी लक्षपूर्वक वाचील त्याला कळेल. जो केवळ गुण मोजीत पुढें धांवेल त्याला तें कधींच कळणार नाहीं.

तेथें उद्योगधंदे व बाजारहि आहे. प्रत्येकास दोन मुख्य धंदे शिकतां येतात. शिवाय स्वयंपाक व मासेमारी आहेच. खाणींतून तांबें व कथील काढावें, भट्टींत वितळवून त्यांचें कांसें करावें, व लोहारानें त्याचीं शस्त्रें घडवावीं. तांब्याच्या १०० नाण्यांचें एक रुप्याचें व रुप्याच्या १०० नाण्यांचें एक सोन्याचें नाणें होतें. माल लिलावघरांत मांडितां येतो, आणि विकला गेल्यास लिलावघर शेंकडा ५ कापून घेतें. मालाचे भाव कंपनी ठरवीत नाहीं. खेळाडूंच्या मागणीवर व पुरवठ्यावर ते चढतात व उतरतात. अर्थशास्त्राचा पहिला धडा कित्येक मुलांनीं येथेंच गिरविला असेल.

परंतु ह्या खेळाचें खरें मर्म सहकार्यांत आहे. कठीण गुहांत एकट्याचा निभाव लागत नाहीं. तेथें ५ जणांची टोळी लागते, आणि मूळच्या खेळांतील सर्वांत मोठ्या मोहिमांस ४० जण लागत. टोळींत तीन प्रकारचीं कामें असतात. जो शत्रूचा सर्व राग आपल्यावर ओढून घेतो त्यास 'टँक' म्हणतात. जो जखमा बऱ्या करितो तो 'हीलर'. बाकीच्यांनीं शत्रूवर प्रहार करावयाचे. प्रहार करणारानें उतावीळपणें फार जोराचा घाव घातला तर शत्रु टँकला सोडून त्याच्यावर उलटतो. हीलरची मंत्रशक्ति मर्यादित असते. ती कोणावर खर्चावी हें त्यानें क्षणांत ठरवावयाचें असतें. ४० जणांपैकीं एकानें चुकीच्या जागीं पाऊल टाकिलें तर सर्वांचा नाश होऊं शकतो. म्हणूनच खेळाडू 'गिल्ड' नांवाचीं मंडळें स्थापितात, वार व वेळ ठरवितात व एकमेकांची वाट पाहतात. जेवावयास हांक मारिली असतां मूल "आतां उठतां येत नाहीं" असें म्हणतें, त्याचें एक कारण हें आहे. तो प्रत्येक वेळीं हट्टच असतो असें नाहीं. चार माणसांना मध्येंच सोडून जाण्याचा संकोचहि असतो.

सप्टेंबर २००५ मध्यें ह्या जगांत एक विलक्षण प्रकार घडला. झुलगुरुब नांवाच्या नव्या मोहिमेंतील हकार हा सर्पदेव लढतांना खेळाडूंच्या रक्तांत एक सांसर्गिक विकार सोडीत असे. तो त्या रणांगणापुरताच राहील अशी कंपनीची अपेक्षा होती. परंतु शिकाऱ्यांच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो बाहेर पडला आणि गजबजलेल्या नगरांत पसरला. दुकानदार स्वतः न मरतां तो इतरांस देऊं लागले. नवखे खेळाडू क्षणांत मरून पडूं लागले, व रस्ते सांगाड्यांनीं भरून गेले. कोणी आजाऱ्यांची शुश्रूषा करावयास धांवले, कोणी रानांत पळाले, आणि कांहींनीं मुद्दाम रोग पसरविला. कंपनीनें रोग्यांस वेगळें ठेवण्याचे केलेले प्रयत्न फसले, व शेवटीं संगणकांची व्यवस्था पूर्ववत् करून नियम बदलावे लागले. एरिक लॉफग्रेन व नीना फेफरमन ह्या संशोधकांनीं २००७ सालीं वैद्यकशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकांत ह्या प्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. सांथीच्या वेळीं माणसें कशीं वागतात हें समजण्यास असें कल्पित जग उपयोगी पडेल, असें त्यांचें म्हणणें होतें. २०२० सालच्या महामारींत ह्या घटनेचें अनेकांस पुनः स्मरण झालें.

आतां दुसरी बाजू. हा खेळ कधींच संपत नाहीं. बुद्धिबळांत मात झाली कीं पट मिटतो. येथें मात्र पातळी गांठली कीं नवें शस्त्र हवें, तें मिळालें कीं नवी मोहीम, ती जिंकली कीं नवा प्रदेश. खेळाडूनें मासिक वर्गणी देत राहावें हा त्यांतील व्यापारी हेतु उघड आहे. एक गोष्ट ह्या संबंधांत मनोरंजक आहे. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीं रचनाकारांनीं असा नियम करून पाहिला कीं, फार वेळ खेळणारास पुढें निम्मेच गुण मिळावे. तो लोकांस शिक्षा वाटला. तेव्हां त्यांनीं आकडे तेच ठेवून शब्द फिरविले : विश्रांति घेऊन येणारास दुप्पट गुण, व नंतर नेहमींचे. लोक संतुष्ट झाले. आपल्या मनास कोणीकडून कसें वळविलें जातें, हें ह्यावरून विद्यार्थ्यांनीं ओळखावें.

शिवाय तेथील संपत्ति आपली नसते. कंपनी व तिचा चिनी भागीदार यांच्यांतील करार संपतांच जानेवारी २०२३ मध्यें चीनमधील हा खेळ बंद झाला. वर्षानुवर्षें जोपासलेले वीर एका रात्रींत दुरावले. खेळ तेथें परत सुरू झाला तो २०२४ सालीं. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या वर्गीकरणांत, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तींत, खेळाच्या व्यसनाचा समावेश केला आहे. किती तास खेळला ही एकच गोष्ट तींत पाहिलेली नाहीं. स्वतःस आवरतां न येणें, इतर सर्व गोष्टी मागें पडणें, आणि नुकसान दिसत असतांहि खेळत राहणें, व हें बहुधा वर्षभर चालणें, हीं त्याचीं लक्षणें सांगितलीं आहेत.

असें असतांहि ह्या जगास केवळ पोकळ म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं. नॉर्वे देशांतील मॅट्स स्टीन हा तरुण स्नायु क्षीण करणाऱ्या असाध्य रोगानें चाकांच्या खुर्चीस खिळलेला होता. त्याचे हजारों तास ह्या खेळांत गेले. नोव्हेंबर २०१४ मध्यें, वयाच्या २५ व्या वर्षीं, तो वारला. आपला मुलगा एकाकी जगला व एकाकी गेला, ह्या दुःखांत आईबाप होते. पित्यानें इंटरनेटवर मृत्यूची वार्ता कळवितांच निरनिराळ्या देशांतून सांत्वनपर पत्रें येऊं लागलीं. अॅझेरॉथमध्यें त्यास इबेलिन ह्या नांवानें ओळखणारे त्याचे सोबती ते होते. त्यानें कोणाचें दुःख ऐकून घेतलें होतें, कोणास धीर दिला होता. त्यांतील कांहीं जण प्रवास करून अंत्यविधीस आले. २०२४ सालीं ह्या हकीकतीवर एक माहितीपट निघाला. आईबापांनीं मुलाची सेवा जिवापाड केली होती. परंतु पडद्यापलीकडे त्याला इतके मित्र आहेत, हें त्यांस तो गेल्यावर कळलें.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलास "बंद कर" असें सांगण्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं बसावें. तूं कोण आहेस, तुझ्याबरोबरचे कोण आहेत, ही मोहीम किती वेळ चालेल, हें विचारावें, आणि वेळ मोहिमेच्या आधीं ठरवून घ्यावी. अमेरिकेंत हा खेळ १३ वर्षें व त्यावरील मुलांसाठीं योग्य ठरविला आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें. विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच : टोळींतील सोबत्यांस दिलेली वेळ जो कसोशीनें पाळतो, त्यानें अभ्यासास व आईस दिलेली वेळहि तशीच पाळावी. अनोळखी माणसास आपलें खरें नांव, पत्ता किंवा पैशांची माहिती देऊं नये. आणि ज्या हातांनीं तेथें जखमी सोबत्यास उठविलें, त्या हातांस घरचें लहानसें काम जड वाटूं नये, एवढी आमची अपेक्षा आहे.