कृष्णेचे पाणी : निवाडा आणि अंमलबजावणी

कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने नदीच्या पाण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण राज्याराज्यांतला पाण्याचा तंटा आणि मालक-मजुरांचा तंटा यांची जात एकच. तंटा लवादापुढे जातो, साक्षीपुरावे होतात, निवाडा लागतो आणि खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो : अंमलबजावणी कोण करणार, आणि हिशेबाची वही कोणाला पाहायला मिळणार?

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळते. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र हे तिचे हिस्सेदार. १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्याखाली १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने वर्षाकाठी २,०६० टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिले. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक लाख वस्तीच्या गावाला माणशी रोज शंभर लिटर दिले, तर एवढे पाणी पावणेआठ वर्षे पुरेल. महाराष्ट्राच्या वाट्यातच कोयनेवरून विजेसाठी पश्चिमेकडे वळवायचे ६७.५ टीएमसी धरले आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या पाटाबरोबर विजेचा दिवाही या नदीचा हिस्सेदार आहे.

आता २,०६० हा आकडा आला कोठून? शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे निदान इतके पाणी नदीला येईल, असा तो हिशेब. मग उरलेल्या पंचवीस वर्षांचे काय? पगार ठरला, पण कारखाना अर्धाच चालला तर कोणाचे किती कापायचे हे ठरले नाही, तर भांडण अटळच. लवादाला हे दिसत नव्हते असे नाही. जादा पाणी आणि तूट दोन्ही वाटून घेण्याची आणि त्यासाठी कृष्णा खोरे प्राधिकरण नेमण्याची दुसरी योजनाही त्याने मांडली होती. राज्यांचे एकमत झाले नाही आणि ती कागदावरच राहिली. आपापला वाटा सर्वांना हवा होता. सामाईक हिशेबनीस मात्र नको होता.

त्याची किंमत पुढे दिसली. २००४ साली दुसरा लवाद बसला, २०१० मध्ये त्याचा निवाडा आला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. २०१४ साली तेलंगणा वेगळा झाला आणि वाटणीत वाटणी आली. नोव्हेंबर २०२३ अखेर नागार्जुनसागर धरणावर दोन राज्यांचे पोलीस समोरासमोर उभे ठाकले. निवाडे असूनही पाळी दारांवर पहारा बसवण्यापर्यंत आली.

याच खोऱ्यात दुसरे उदाहरणही आहे. तुंगभद्रा धरणासाठी १९५३ पासून सामाईक मंडळ आहे. वर्षाच्या पाण्याचा अंदाज बांधायचा, वाट्याच्या प्रमाणात तो वाटायचा आणि तूट आली तर तीही त्याच प्रमाणात सोसायची, ही तिथली रीत. कुरबुरी तिथेही होतात. गाळही भरतो : मूळची सुमारे १३३ टीएमसीची साठवण २०१६ च्या मोजणीत १०६ च्या आसपास उरली. ऑगस्ट २०२४ मध्ये धरणाचा एक दरवाजाच वाहून गेला. पण हे नुकसान सर्वांचे आहे, हे तिथे कोणाला समजावून द्यावे लागले नाही, कारण साठा सामाईक आहे.

सामाईक हिशेबाची गरज दुष्काळापुरतीच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर महापुरात बुडाले आणि खालच्या अलमट्टीतून किती पाणी सोडले जात आहे, यावर वाद पेटला. धरणाकडून आपल्या दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात : टंचाईसाठी ते भरलेले हवे, पुरासाठी त्यात जागा रिकामी हवी. आज सोडलेले पाणी उद्या आपल्याला मिळणार नाही अशी धास्ती असली, तर जुलैतच धरण भरून ठेवण्याचा मोह होतो. वरच्या धरणाचा विसर्ग आणि खालच्या धरणाची पातळी दोन्ही बाजूंना तासातासाला एकाच वहीत दिसली, तर ती धास्ती कमी होईल आणि पुरासाठी जागा ठेवणे सोपे होईल.

म्हणून माझे मागणे साधे आहे. तुटीची वाटणी चांगल्या वर्षीच ठरवावी. टंचाईत कोणीही उदार होत नाही. मोजमाप चारही राज्यांच्या माणसांनी मिळून करावे. आणि ते आकडे रोज लोकांसमोर मांडावेत, कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला वाचता येतील अशा भाषेत. राज्याला मिळालेले पाणी त्याच्या बांधापर्यंत पोहोचत नसेल, तर निवाडा त्याच्यासाठी लागलेलाच नाही. पगाराची चिठ्ठी हातात पडल्यावाचून कामगार अंगठा देत नाही. नदीकाठच्या माणसानेही पाण्याची चिठ्ठी मागायला शिकले पाहिजे.