चिमुकल्या पुतळ्यांचे रंगकाम

मेजावर मांडून युद्धाचे खेळ खेळण्यासाठी ज्या पुतळ्या वापरतात, त्यांची उंची सामान्यतः २८ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी असते. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मांडावयाचे मातीचे मावळे बाजारातून बहुधा रंगविलेलेच येतात. या पुतळ्या मात्र कोऱ्या मिळतात आणि त्या रंगविण्याचे काम घेणाऱ्याकडेच असते. ब्रिटन, युरोप व अमेरिका येथील पुष्कळ हौशी माणसे खेळ बाजूस ठेवून केवळ रंगकामासाठीच त्या विकत घेतात. या छंदातील खरी अडचण हाताच्या थरथरीची आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः ती निराळीच आहे. अंगरखा तांबडा, पट्टा तपकिरी, चेहरा कातडीच्या रंगाचा, असे प्रत्येक अंग त्याच्या खऱ्या रंगाने अगदी प्रामाणिकपणे भरले, तरी पुतळी निर्जीव दिसते. असे का होते हे उमगले, म्हणजे या कलेतील बहुतेक युक्त्यांचा उलगडा होऊ लागतो.

थोडे गणित करून पाहू. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस २८ मिलिमीटरांचा केला, म्हणजे तो सुमारे ६२ पटींनी लहान झाला. ही पुतळी ६० सेंटिमीटरांवर धरली असता डोळ्याला जेवढी दिसते, तेवढाच खरा माणूस सदतीस मीटरांवरून दिसतो. इतक्या अंतरावरून त्याच्या बाहीची चुणी कोणाला दिसेल? निरोगी डोळ्याची विभेदनक्षमता साधारणपणे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढी असते. ६० सेंटिमीटरांवर तिचे माप ०.१७ मिलिमीटर भरते. उघड्या मानवी डोळ्याची उंची १० मिलिमीटर धरली, तर पुतळीवर ती ०.१६ मिलिमीटर होईल. अर्थात, प्रमाणशीर रंगविलेला डोळा दिसेल न दिसेल अशा सीमारेषेवरच राहणार. म्हणूनच पुतळी घडविणारे कारागीर डोके व हात बहुधा मुद्दाम मोठे करतात. त्यात खोलीतील उजेड पसरट व मऊ असतो. रणरणत्या उन्हात माणसाच्या अंगावर पडते तशी धारदार सावली या पुतळीवर पडत नाही. ती रंगविणाऱ्याने रंगानेच घालावी लागते, आणि निसर्गात असते त्याहून गडद घालावी लागते.

ही गरज सर्वांत स्पष्ट दिसते ती न्यूरेंबर्ग येथील कथिलाच्या चपट्या पुतळ्यांमध्ये. एकोणिसाव्या शतकात तेथील हाइन्रिक्सन यांच्या कारखान्याने तीस मिलिमीटरांचे माप रूढ केले. या पुतळ्यांची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. घोड्याच्या पोटाचा गोलावा, स्वाराच्या मांडीचा उभार हे सर्व छायाप्रकाशाच्या जोरावर भासवावयाचे असते. जर्मनीतील कुल्मबाख गावी, प्लासेनबुर्गच्या किल्ल्यात, अशा पुतळ्यांचे मोठे संग्रहालय आहे. पुढे १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन यांनी लंडनमध्ये पोकळ ओतकामाची रीत काढली. साच्यात वितळलेला मिश्रधातू ओतावयाचा आणि कडेला पातळ कवच धरताच उरलेला उलटून काढावयाचा. पुतळी हलकी झाली, स्वस्त झाली आणि सर्व बाजूंनी भरीवही दिसू लागली. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये आपल्या पुस्तकात जे युद्धखेळाचे नियम दिले, ते अशाच शिपायांसाठी. अमेरिकेतून १९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळानंतर राक्षस, बुटके आणि मांत्रिक यांच्या पुतळ्यांना मागणी वाढली. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेवार्क येथे 'सिटाडेल मिनिएचर्स' निघाली, आणि १९८७ पासून 'गोल्डन डीमन' नावाच्या रंगकामाच्या स्पर्धा सुरू झाल्या. गोलाकार पुतळीला चपट्या पुतळीप्रमाणे, म्हणजे चित्राप्रमाणे, रंगविण्याची चढाओढ या स्पर्धांमुळे वाढीस लागली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम अस्तराचा हात द्यावयाचा, कारण धातूवर किंवा प्लॅस्टिकवर पाण्यात कालवलेला ॲक्रिलिक रंग नीट धरत नाही. हे अस्तरही उजेडाच्या कामी लावता येते. पुतळीला आधी काळे अस्तर द्यावे आणि ते वाळल्यावर फक्त माथ्याच्या दिशेने पांढरे फवारावे. सूर्य डोक्यावर आला असता जेथे उजेड पडेल, तेथे पांढरे बसते. काखेत, हनुवटीखाली, झग्याच्या घड्यांत काळे राहते. इंग्रजीत या रीतीला खगोलशास्त्रातून घेतलेले नाव आहे. आपल्याकडेही त्या बिंदूला खस्वस्तिक हा सुरेख शब्द आहे. तेव्हा यास खस्वस्तिक-अस्तर म्हणावयास हरकत नसावी.

त्यावर मूळ रंग चढवावयाचा तो नेहमी पातळ करून. एका दाट हाताने बटणे, चुण्या, नखे बुजून जातात. दोन पातळ हातांनी तोच रंग येतो आणि घडण शाबूत राहते. नंतर येतो 'वॉश', म्हणजे गडद रंगाचे पातळ पाणी. ते उंचवट्यावरून ओघळते आणि खाचांत साचते, म्हणजे सावली आपली जागा आपणच शोधून काढते. उलट कोरड्या कुंचल्याची रीत. फिका रंग घेऊन कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावयाचा आणि पुतळीवरून हलकेच फिरवावयाचा. फक्त कडांना रंग लागतो. केस, लोकर, दगड यांना ही रीत फार शोभते. गुळगुळीत गालाला किंवा रेशमी झग्याला ती शोभत नाही, खडूची भुकटी उडाल्यासारखे दिसते.

या दोन युक्त्या पहिल्याच दिवशी फळ देतात, आणि माझ्या मते त्यांतील धोकाही हाच. रंगविणारा वर्षानुवर्षे तेथेच राहतो. पुतळ्यांची संख्या वाढते, पुतळी मात्र तीच. कारण या दोन्ही रीतींत सावली आणि उजेड कोठे पडावा, हे खाचा व कडा ठरवितात. रंगविणारा ठरवीत नाही. पुढची पायरी म्हणजे तो निर्णय स्वतःच्या हाती घेणे. थरांच्या रीतीत मूळ रंगावर किंचित फिका, मग त्याहून फिका, अशा क्रमाने प्रत्येक वेळी थोडी लहान जागा रंगवीत जावयाचे. थरांमधील सीमारेषा खटकत असतील, तर मधल्या छटेचे अतिशय पातळ, काचेसारखे पारदर्शक हात फिरवून त्या मिटवावयाच्या. ओल्या रंगात ओला रंग मिसळण्याची तिसरी रीत जलद आहे. पण ॲक्रिलिक पाहता पाहता वाळतो. त्यावर साधा उपाय आहे. उथळ डब्यात ओला स्पंज पसरून त्यावर बटर पेपर ठेवला आणि त्यावर रंग काढले, तर ते कित्येक तास ओले राहतात.

सर्वांत अवघड परीक्षा म्हणजे धातूचा चकचकीत रंग न वापरता तलवार रंगविणे. येथे नवशिक्या राखी रंग लावतो आणि राखी तलवार मिळवितो. पोलादाला स्वतःचा रंग असा थोडाच असतो! ते आजूबाजूचे जग परत दाखविते. म्हणून पात्यावर जवळजवळ काळे आणि निव्वळ पांढरे अगदी शेजारी शेजारी यावे लागतात. शिरस्त्राणावर वर आकाशाचा निळसर पट्टा, मध्ये क्षितिजाची गडद रेघ आणि खाली जमिनीची तपकिरी छटा एवढे आले, की चकाकी भासू लागते. घरातील स्टीलचा पेला खिडकीजवळ ठेवून दहा मिनिटे न्याहाळला, तर याविषयी पुस्तकापेक्षा अधिक समजते.

कुंचल्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बारीक कामाला सर्वांत बारीक कुंचला हवा, हे खरे नव्हे. त्याच्या पोटात रंग इतका थोडा मावतो, की पुतळीपर्यंत पोचेतो तो वाळतो. टोक अणकुचीदार पण पोट भरलेले असा मध्यम कुंचलाच बरा. असे उत्तम कुंचले कोलिन्स्की नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे करतात. हा प्राणी हिमालयातही आढळतो, आणि भारताच्या विनंतीवरून वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याची नोंद आहे. कृत्रिम तंतूंचे कुंचले लवकर वाकतात खरे, पण शिकणाऱ्याचे काम त्यांवर भागते. टोक ओठांनी साधण्याची सवय मात्र मुळीच लावून घेऊ नये. न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथे घड्याळांच्या तबकड्यांना रेडियमयुक्त रंग लावणाऱ्या तरुणी असेच करीत. अनेकींची जबड्याची हाडे कुजली, कित्येक दगावल्या. पाचजणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. आपल्या रंगांत रेडियम नसले, तरी चित्रकारांच्या काही रंगांत कॅडमियम व कोबाल्ट असतात, आणि जुन्या पुतळ्यांच्या धातूत शिसे असे. त्या कानशीने घासल्यास भुकटी पोटात जाऊ देऊ नये.

नवी रीत शिकताना पहिली पुतळी जुन्या रीतीने केलेल्या पुतळीपेक्षा वाईटच होते. येथे पुष्कळजण माघार घेतात. म्हणून एका पुतळीवर एकच नवी गोष्ट करावी, बाकीचे अंग सवयीच्या रीतीने रंगवावे, आणि प्रयोगासाठी नावडती पुतळी निवडावी. बिघडली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवून जुन्या दातब्रशाने रंग बहुधा काढता येतो. ॲसिटोन मात्र प्लॅस्टिकच्या पुतळीला विरघळवून टाकते. मासिकांतील छायाचित्रांशी तुलना करून खट्टू होणेही व्यर्थ आहे. छायाचित्रात पुतळी पाच-सहा पट मोठी झालेली असते, आणि तिचा छायाप्रकाश हातभर अंतरासाठी योजलेला असतो. तुलना करावयाचीच असेल, तर सहा महिन्यांपूर्वीची आपलीच पुतळी आजच्या पुतळीशेजारी त्याच दिव्याखाली ठेवावी, आणि भिंग दूर सारून पाहावे.