घराला टाइल घेताय? आधी टेप लावा, मग दुकान गाठा



सुगी आटोपून मालाचे पैसे हाती आले की गावोगाव घराची कामे निघतात. कुणाचे घरकुल जोत्यापर्यंत आलेले असते, तर कुणाच्या जुन्या घरातला कोबा जागोजागी उखडलेला असतो. आम्ही पिकाच्या पाहणीला येतो तेव्हा हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे बोलणे झाले की पुढचा प्रश्न ठरलेला, "साहेब, स्टाईल केवढी घ्यावी? एक बाय एक की दोन बाय दोन?" गावाकडे टाइलला 'स्टाईल' म्हणतात आणि बऱ्याच घरांत ती स्टाईल बघूनच घेतली जाते. शेजाऱ्याने मोठी घातली म्हणून आपणही मोठी घालायची. पण बियाणे जसे आपण जमीन पाहून निवडतो, तसेच टाइलचे माप खोली आणि खोलीतले काम पाहून ठरवायचे असते. घर आयुष्यात एकदाच होते, आणि बसलेली फरशी उखडून दुसरी बसवणे कुणाला परवडत नाही.

आधी खालची जमीन पाहा

ज्या काळ्या जमिनीत कापूस, तूर जोमाने येते, तीच घराखाली असली की फरशीची वैरीण होते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात तुम्ही हे दरवर्षी पाहता. घराखालीही हेच चालते, फक्त दिसत नाही. जोते भरताना पायाच्या खोदाईतली काळी माती पुन्हा आतच लोटायची ही बहुतेक ठिकाणची रीत. भराव फुकटात होतो, पण दोन-तीन पावसाळ्यांत फरशी कुठे फुगते, कुठे खचते.

म्हणून खोलीच्या आतली काळी माती जमेल तेवढी बाहेर काढा. मुरूम टाका, तोही एकदम नाही. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमसाने चोपणे, असे करत वर या. घाई नसेल तर भरावाला एक पावसाळा खाऊ द्या. त्यावर तीन-चार इंच काँक्रीटचा थर घ्या. एवढे केले नाही तर कुठल्याही मापाची टाइल तग धरणार नाही. मोठी तर आधी जाईल, कारण दोन फुटांच्या टाइलखाली जराशी पोकळी झाली की वजन पडताच ती तडकते. लहान टाइलमध्ये सांधे जास्त असतात, बारीकशी हालचाल सांध्यात निभते, आणि एखादी फुटलीच तर एका फुटापुरते काम निघते.

दोन फुटी टाइल दोन फुटांची नसते

दुकानात 'दोन बाय दोन' म्हणतात ती टाइल 600 मिलिमीटर म्हणजे जेमतेम 23.6 इंचांची असते. 'सोळा बाय सोळा' असते ती 395-396 मिलिमीटरची, म्हणजे साडेपंधरा इंचांच्या आसपास. या बारीक फरकातच हिशेब चुकतो.

समजा, खोली 10 बाय 12 फुटांची आहे. दोन्ही बाजूंच्या गिलाव्यात साधारण एक इंच जातो, म्हणजे उरली 9 फूट 11 इंच बाय 11 फूट 11 इंच. दोन मिलिमीटरचा सांधा धरला तर रुंदीत दोन फुटी पाच टाइल आणि लांबीत सहा टाइल बसतात. कडेला जी बोटभर जागा उरते ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. कापाकापी जवळजवळ नाहीच. 9 फुटी किंवा 7 फुटी खोली असेल तर शेवटी अर्धी टाइल येते, म्हणजे एका टाइलचे दोन तुकडे दोन ठिकाणी कामी येतात.

आता याच 10 बाय 12 च्या खोलीत सोळा इंची टाइल घातली तर? लांबीत नऊ टाइल बसून शेवटी दीड-दोन इंचांची पट्टी उरते. अशी चिंचोळी पट्टी कापताना फुटते, बसली तरी लवकर सुटते आणि नेमकी दाराशी आली तर जन्मभर डोळ्यांत खुपते. अशा वेळी गवंड्याला एक टाइल कमी करून दोन्ही टोकांना सारखा तुकडा घ्यायला सांगा. पट्टीऐवजी अर्ध्या टाइलपेक्षा मोठे दोन तुकडे येतात. टाइल थोड्या जास्त लागतात, पण काम टिकते.

मोजमाप गिलावा झाल्यावरच घ्या, नकाशावरून नको. जुन्या घरात कोपरे काटकोनात नसतात. एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करा. दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर 5 फूट भरले तर कोपरा गुण्यात आहे. नसेल तर मोठ्या टाइलच्या सरळ रेषा भिंतीचा वाकडेपणा उघडा पाडतात. तिथे एक फुटी किंवा सोळा इंची टाइल बरी.

खोली तशी टाइल

बैठक आणि माजघर : जागा सपाट, कोरडी आणि मोकळी. इथे दोन बाय दोन शोभते. सांधे कमी, झाडणे-पुसणे सोपे आणि खोली मोठी दिसते. चार बाय दोनची लांब टाइल आता तालुक्याच्या दुकानांतही मिळते. मात्र ती मोठ्या हॉलसाठी. लांब टाइलला मधे किंचित बाक असतो, तळ अगदी सपाट लागतो आणि गवंडी सरावाचा लागतो.

स्वयंपाकघर : तेल, हळद, पीठ सांध्यांत बसते, म्हणून सांधे कमी असलेले बरे. सोळा इंची किंवा दोन फुटी चालेल, पण चकचकीत नको. खरबरीत, म्हणजे दुकानदार ज्याला 'मॅट' म्हणतात ती घ्या.

न्हाणीघर आणि संडास : इथे एक बाय एकच, आणि तीही मॅट. कारण उताराचे आहे. पाणी जाळीकडे जायला दर फुटाला साधारण पाव इंच उतार लागतो आणि तो चारी बाजूंनी लागतो. लहान टाइल असा उतार सहज घेते. मोठी टाइल वाकत नाही, मग एक तर तिरपी कापावी लागते, नाहीतर पाणी कोपऱ्यात साचते. शिवाय लहान टाइलच्या जादा सांध्यांमुळे ओल्या पायाला पकड मिळते.

धान्याची खोली : इथे पोती ओढली जातात, पेट्या सरकतात. शोभेची टाइल कशाला? शहाबादी किंवा कोटा फरशी उत्तम. कोपरा उडाला तरी काम अडत नाही. भिंतीलगतचे सांधे मात्र पक्के भरा, उंदराला वाट ठेवू नका. फरशी कोणतीही असो, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून सुटी ठेवा.

ओसरी, अंगण आणि गोठा : ओसरीवर पावसाचे पाणी उडते, म्हणून खरबरीत एक फुटी टाइल किंवा शहाबादी. अंगणात खाचांची सिमेंट टाइल. गोठ्यात मात्र गुळगुळीत टाइल अजिबात नको. गाभण गाय घसरली तर वासरू आणि गाय दोन्हींचे नुकसान. तिथे खाचा पाडलेला काँक्रीटचा कोबाच चांगला.

चकाकी पाहू नका, ओला पाय ठेवा

घसरण्याची गोष्ट फक्त जनावरांची नाही. घरातली म्हातारी माणसे पहाटे अंधारात उठतात, ओल्या पायांनी न्हाणीतून ओसरीवर येतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा शहाबादीवर त्यांचा जन्म गेला. चकचकीत टाइलवर पाय सटकला आणि खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो. दवाखान्याचा खर्च साऱ्या घराच्या फरशीहून जास्त होतो आणि पहिल्यासारखे चालणे बहुतेकांच्या नशिबी येत नाही. म्हणून दुकानात नमुन्याची टाइल खाली ठेवायला सांगा, तिच्यावर तांब्याभर पाणी ओता आणि चप्पल काढून पाय ठेवा. लाजू नका. आणि आईला किंवा घरातल्या बाईमाणसाला सोबत न्या. फरशीवर दिवसभर वावर त्यांचाच असतो.

खोक्यांचा हिशेब

दोन बाय दोनच्या खोक्यात बहुधा चार टाइल असतात. चार टाइल म्हणजे 16 चौरस फूट असे तोंडी सांगितले जाते, प्रत्यक्षात भरतात 15.5. वरच्या 10 बाय 12 च्या खोलीला जमिनीसाठी 30 टाइल लागल्या. स्कर्टिंग विसरू नका. दार सोडून सुमारे 41 फूट भिंत आहे. एका टाइलच्या चार इंची पाच पट्ट्या निघतात, म्हणजे आणखी 5 टाइल. एकूण 35, म्हणजे नऊ खोकी. फुटतूट आणि पुढची दुरुस्ती धरून दहावे खोके घ्या. सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, हे गाडीत माल चढण्याआधी पाहा. बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो. तीच टाइल नंतर त्याच रंगात मिळेलच असे नाही.

बसवताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, टाइल एकमेकींना चिकटवू नका, दोन-तीन मिलिमीटरचा सांधा आणि भिंतीलगत थोडी फट ठेवा. नाहीतर पुढे टाइल फुगून वर येतात. दुसरी, व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती नीट धरत नाही. तिला टाइलचा चिकटा वापरा. तिसरी, काम वाळल्यावर प्रत्येक टाइल लाकडाच्या दांड्याने हलके ठोका. पोकळ आवाज आला तर गवंड्याचा हिशेब पुरा करण्याआधी ती काढून पुन्हा बसवून घ्या.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट आहे. एवढ्या घरात मोठ्या टाइलची हौस करण्याऐवजी तो पैसा आधी मुरमात आणि धुमसात घाला, न्हाणीत लहान खरबरीत टाइल घाला, आणि उरेल त्यातून बैठकीची शोभा करा. शेतात आपण आधी मशागत करतो आणि मग पेरतो. घरातही क्रम तोच ठेवा.