श्रीमंत देशातली भूक: ताट वाढणारे आणि पत्र लिहिणारे

आजचा प्रश्न साधा आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात लोक उपाशी राहतात का?

हो, राहतात. तिथल्या कृषी खात्याच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये १३.५ टक्के घरांना वर्षभर पुरेसं अन्न मिळेल याची खात्री नव्हती. माणसं मोजली तर सुमारे ४ कोटी ७० लाख. दुकानं भरलेली असतात हो! पण घरभाडं, औषधं, गाडीचा हप्ता भरला की महिनाअखेरीस किराण्याला पैसे उरत नाहीत. यात नोकरी करणारेही बरेच आहेत.

मग मदतीला कोण येतं? बऱ्याचदा जवळचं चर्च. १९६७ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली 'फूड बँक' सुरू केली. कल्पना अशी, की दुकानदार जे चांगलं अन्न फेकून देतात ते गोळा करायचं आणि गरजूंपर्यंत पोहोचवायचं. सेंट मेरी चर्चने जागा दिली, म्हणून तिचं नाव पडलं सेंट मेरीज फूड बँक. आज देशभर अशा सुमारे २०० मोठ्या फूड बँका आहेत.

ज्यू समाजाने १९८५ मध्ये 'माझोन' ही संस्था काढली. तिचं आवाहन मस्त होतं: लग्नकार्याच्या जेवणावर जेवढा खर्च कराल, त्याच्या ३ टक्के भुकेल्यांसाठी द्या. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या गुरुद्वाऱ्याने लंगरच्या स्वयंपाकघरातून हजारो लोकांचं जेवण बाहेर पाठवलं.

आता खरी गोष्ट ऐका. फूड बँकांची राष्ट्रीय संघटना 'फीडिंग अमेरिका' स्वतःच सांगते, की आम्ही एक जेवण देतो तेव्हा सरकारची 'स्नॅप' योजना नऊ जेवणं देते. स्नॅप म्हणजे जुने फूड स्टँप. एका कार्डावर दर महिन्याला पैसे जमा होतात, त्यातून किराणा घ्यायचा. २०२४ मध्ये माणशी दिवसाला सरासरी ६ डॉलर मिळत होते, आणि लाभ घेणारे ४ कोटींहून जास्त होते.

हे गणित आर्थर सायमन या लुथरन पाद्रींनी फार आधी ओळखलं. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत काम करताना त्यांना दिसलं, की आज जेवून गेलेला माणूस उद्या परत रांगेत असतो. म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी 'ब्रेड फॉर द वर्ल्ड' उभी केली. ही संस्था अन्न वाटतच नाही! तिचे सदस्य आपापल्या खासदाराला पत्रं लिहितात. चर्चमध्ये जसं दान अर्पण करतात, तशी पत्रं अर्पण करतात.

'धर्माने राजकारणात पडू नये' असं म्हणणारे तिथेही आहेत. पण जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यामुळे स्नॅपच्या खर्चात दहा वर्षांत अंदाजे १८६ अब्ज डॉलरची कपात होणार आहे. नऊ ताटांतलं एक जरी कमी झालं, तर ते भरून काढायला या सगळ्या फूड बँकांना आपलं काम दुप्पट करावं लागेल. कुठलंही चर्च, सिनेगॉग किंवा गुरुद्वारा एवढं कुठून आणणार?

म्हणून तिथले अनेक भाविक दोन्ही करतात. शनिवारी धान्याच्या पिशव्या भरतात आणि सोमवारी खासदाराच्या ऑफिसात फोन लावतात.

तुम्हाला काय वाटतं, अन्नदान करणाऱ्याने सरकारला जाब विचारावा का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!