आत्मविश्वास हुकमाने येत नाही

स्पर्धात्मक व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांशी, त्यांच्या पालकांशी आणि त्यांना शिकवू पाहणाऱ्या हौशी प्रशिक्षकांशी बोलणे झाले की एक उपदेश हमखास कानी पडतो : आधी मनात जिंका, म्हणजे पडद्यावर आपोआप जिंकाल. त्याचा पुढचा तपशीलही ठरलेला असतो. सामन्याआधी आरशासमोर उभे राहून ‘मी अजिंक्य आहे’ असे दहादा म्हणावे, डोळे मिटून चषक हाती आल्याचे चित्र पाहावे, शंकेला मनात थारा देऊ नये. आणि एवढे करूनही पराभव झालाच, तर त्या मुलाचा ‘माइंडसेट’ कच्चा होता असा निवाडा देऊन मोकळे व्हावे. हा उपदेश सद्हेतूने केला जातो हे मला मान्य आहे. परंतु पंधरा-सोळा वर्षांची मुले आपल्या प्रत्येक पराभवाचा दोष आपल्या स्वभावावर घेऊन आतल्या आत कशी खचत जातात हे जवळून पाहिलेले असल्यामुळे, त्याविषयी सौम्य शब्दांत लिहिणे मला जड जाते.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अमुक एक काम आपल्या हातून पार पडेल, ही खात्री माणसात कशी निर्माण होते याची पद्धतशीर मांडणी अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली केली. त्याने या खात्रीचे चार उगम सांगितले : स्वतः पार पाडलेल्या कामाचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते काम करताना पाहणे, इतरांनी दिलेला शाब्दिक धीर, आणि स्वतःच्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. या चारांत सर्वांत बळकट म्हणून त्याने पहिल्याचा निर्देश केला आणि शाब्दिक धीराने आलेली खात्री अनुभवाच्या पहिल्याच विपरीत आघाताने विरून जाते, असे बजावले. म्हणजे आपले उपदेशक ज्या उगमावर सारी इमारत उभारू पाहतात, तो त्या चारांतील एक दुबळा उगम आहे.

केवळ दुबळाच नव्हे, तर काहींच्या बाबतीत अपायकारकही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअ‍ॅन वुड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळातच खालावलेले असते, त्यांनी स्वतःची स्तुती करणारे वाक्य पुनःपुन्हा उच्चारले असता त्यांची मनःस्थिती ते न उच्चारणाऱ्यांपेक्षाही खाली गेली. ज्यांना अशा वाक्याची विशेष गरजच नव्हती, त्यांनाच त्याचा थोडाफार लाभ झाला. कारण उघड आहे. ‘मी अजिंक्य आहे’ असे मोठ्याने म्हणणाऱ्या मुलाचे मन त्याच क्षणी मागील आठवड्यातील सात पराभवांचा पुरावा पुढे करते, आणि या वादात विजय पुराव्याचाच होतो. डोळ्यांपुढे चषक आणण्याचीही तीच कथा. हेदर कापेस आणि गाब्रिएले ओटिंगेन यांनी 2011 साली दाखवून दिले की इच्छित भविष्याची गोड चित्रे रंगवल्याने ते प्राप्त करून घेण्यास लागणारी ऊर्जाच ओसरते. जणू ती गोष्ट साध्य झाली, असे समजून मन सैलावते.

आता या मुलांपुढील विशेष अडचण पाहा, कारण तिची जाणीव उपदेशकांना तर नसतेच, पण बहुतेक खेळाडूंनाही नसते. ऑनलाइन रँक्ड सामन्यांत प्रतिस्पर्धी निवडण्याची जी वहिवाट आहे, तिचे मूळ अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या अध्यापकाने बुद्धिबळासाठी बसवलेल्या आणि जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 साली स्वीकारलेल्या गुणांकन पद्धतीत आहे. तुमच्या बरोबरीचाच प्रतिस्पर्धी तुमच्यापुढे उभा करावा हा या वहिवाटीचा उद्देश. सबब तुम्ही सुधारलात की प्रतिस्पर्धीही अधिक तयारीचा मिळतो, आणि जयपराजयाचे प्रमाण पुन्हा निम्म्या-निम्म्यावर येऊन ठेपते. ज्याची जिंकण्याची शक्यता दरवेळी बरोबर निम्मी आहे, अशा खेळाडूने शंभर सामने खेळले, तर त्यांत कोठे ना कोठे सलग पाच पराभव येण्याची शक्यता सुमारे 81 टक्के असते. अशा वेळी घरात कोणी ‘तुझा आत्मविश्वास गेला आहे’ असे म्हणाले, तर ते निव्वळ गणिताला मनोविकार ठरवणे होय.

बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, यासारख्या खेळात हे गणित आणखी कठोर होते. तेथे स्पर्धेच्या एका सामन्यात चार-चार जणांचे सोळा संघ उतरतात आणि शेवटी एकच उरतो. सर्व संघ अगदी समान बळाचे मानले, तरी दिवसभराच्या सहा सामन्यांत एकदाही पहिला क्रमांक न मिळण्याची शक्यता तीनांत दोन इतकी आहे. आयोजकांनाही हे ठाऊक असते. म्हणून तर प्रचलित गुणपद्धतीत पहिल्या क्रमांकाला 10, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 5 असे उतरते गुण आणि प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू बाद केल्यास 1 गुण, अशी तजवीज केलेली आहे. स्पर्धेचे नियम ज्याला यश म्हणत नाहीत अशा एकाच गोष्टीवर, म्हणजे प्रत्येक सामना जिंकण्यावर, मुलाने आपला सारा विश्वास टांगून ठेवावा, हे त्याला शिकवते कोण?

विश्वासाला आधार हवा असेल तर तो निकालात शोधू नये, स्वतःच्या ताब्यातील कृतींत शोधावा. मला ठाऊक असलेल्या एका संघाच्या म्होरक्याने दोनशे पानी वही घातली आहे. तिच्यातील एका दिवसाची नोंद अशी : ‘एरँगेल. चौथा झोन. आपण पुलाच्या अलीकडे. पलीकडे जायचे ठरले, पण उशीर. स्मोक संपले होते. दोघे पाण्यात गेले. पुढच्या वेळी तिसरा झोन दिसताच पूल, आणि प्रत्येकाकडे दोन स्मोक राखून.’ (एरँगेल हा खेळातील एक नकाशा, झोन म्हणजे आकसत जाणारे सुरक्षित वर्तुळ, स्मोक म्हणजे धुराचा गोळा.) या नोंदीत कोणाच्या धैर्याची निंदा नाही आणि कोणाच्या जिद्दीचे गुणगानही नाही. पुढच्या वेळी करता येईल अशी एक कृती आहे. आठ दिवसांनी तीच कृती बिनचूक जमल्याची नोंद त्याच वहीत पडते, तेव्हा बांदुराने सर्वांत बळकट म्हणून सांगितलेला उगम त्या मुलांच्या हाती लागलेला असतो.

‘मग मोठे संघ मानसशास्त्रज्ञ कशाला नेमतात?’ असा प्रश्न येथे विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या अ‍ॅस्ट्रॅलिस या डॅनिश संघाचा दाखला प्रसिद्ध आहे. मोठ्या स्पर्धांच्या अखेरच्या टप्प्यात ढासळणारा संघ अशी त्याची अपकीर्ती होती. 2016 साली त्याने मिया स्टेल्बर्ग या फिनिश क्रीडा-मानसशास्त्रज्ञांची मदत घेतली आणि जानेवारी 2017 मध्ये अटलांटा येथील मेजर या त्या खेळातील सर्वांत मानाच्या स्पर्धेचा अंतिम सामना 2-1 असा जिंकला, तोही तिसऱ्या नकाशावर 16-14 अशा निसटत्या फरकाने. पुढे 2018 मध्ये लंडनला, आणि 2019 मध्ये कातोवित्से व बर्लिन येथे अशा सलग तीन मेजर त्याने जिंकल्या. ही हकीकत सांगणारे मानसशास्त्रज्ञापाशीच थांबतात. परंतु तोच संघ धुराचे, चमकीचे व स्फोटक गोळे कोठे उभे राहून, कोणत्या क्षणी, कोणाच्या साह्यार्थ फेकायचे याच्या काटेकोर पूर्वतयारीसाठी सर्वत्र ओळखला जात होता, हे सांगायचे राहून जाते. मनाची शिस्त त्या तयारीच्या जोडीने आली, तिच्या ऐवजी नव्हे.

दुसरा मोठा गैरसमज धडधडणाऱ्या छातीविषयीचा आहे : खरा खेळाडू घाबरत नाही, आणि जो घाबरतो तो खरा खेळाडू नव्हे. एका तालुक्याच्या ठिकाणी मंगल कार्यालयात भरलेल्या स्पर्धेत मी एका मुलाला पाहिले होते. सामना सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे उरली असताना तो दोन्ही अंगठे पुनःपुन्हा पँटीला पुसत होता, मोबाइलच्या काचेवर फुंकर घालून बाहीने ती कोरडी करीत होता, आणि शेजाऱ्याला हलकेच म्हणत होता, ‘दादा, अंगठा चिकटतोय. जायरो सोडून काहीच नीट चालत नाही.’ (जायरो म्हणजे मोबाइल कलवून नेम धरण्याची सोय.) दादाचे उत्तर : ‘घाबरतोस काय असा! शांत हो, मनाने घे.’ त्या मुलाला त्या क्षणी फिंगर स्लीव्हची, म्हणजे घामाने बोट काचेला चिकटू नये म्हणून त्यावर चढवायच्या पातळ आवरणाची, गरज होती. त्याला मिळाली ती स्वभावाची तपासणी.

तळव्यांना घाम सुटणे, बोटे गार पडणे, ठोके वाढणे ही शरीराने कामास सिद्ध झाल्याची लक्षणे होत, आणि ती जगज्जेत्यांनाही चुकलेली नाहीत. मोठ्या स्पर्धांत संगणकावर खेळणारे खेळाडू हात ऊबदार ठेवणाऱ्या पिशव्या मुठीत धरून बसलेले दिसतात, ते उगाच नव्हे. शिवाय ‘शांत हो’ हा हुकूमही फारसा उपयोगी पडत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील एक प्रयोग तर व्हिडिओ गेमवरच झाला होता. लोकांना निन्टेन्डो वीवरील कॅराओकेच्या खेळात अनोळखी माणसापुढे गाणे म्हणावयास लावले आणि सूर-तालाचे गुण यंत्राकडून घेतले. गाण्याआधी ‘मला भीती वाटते आहे’ असे म्हणणाऱ्यांना सरासरी 53 टक्के, काहीच न म्हणणाऱ्यांना 69, आणि ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांना 80 टक्के गुण मिळाले. त्याच अभ्यासातील इतर प्रयोगांत स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा उत्साहाचे नाव घेणारेच सरस ठरले.

येथे चाणाक्ष वाचक मला अडवील, की हेही एक वाक्य उच्चारणेच झाले. झाले खरे, परंतु दोहोंत मोठे अंतर आहे. ‘मी अजिंक्य आहे’ हे वाक्य पुराव्याला नाकारते. ‘मला उत्साह वाटतो आहे’ हे वाक्य धडधड नाकारीत नाही, तिचा अर्थ तेवढा बदलते, आणि भीती व उत्साह यांत शरीराची अवस्था बरीचशी सारखी असल्याने मन तो अर्थ सहज स्वीकारते. बांदुराचा चौथा उगम तो हाच.

लढाऊ व्हिडिओ गेमच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला क्षण 2004 सालचा, कॅलिफोर्नियातील इव्हो स्पर्धेतला. स्ट्रीट फायटरच्या तिसऱ्या आवृत्तीत जपानच्या दाइगो उमेहाराच्या पात्रात प्राण नावापुरता उरला होता. नुसता बचाव केला असता तरी तो संपला असता. प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगच्या महाअस्त्राचे पंधरा प्रहार त्याने एकामागून एक, नेमक्या क्षणी जॉयस्टिकची दांडी पुढे ढकलून परतवले आणि ती फेरी जिंकली. हे चित्रीकरण दाखवून ‘पाहा, हा आत्मविश्वास!’ असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. त्या प्रहारांचा ताल हातात मुरलेला नसता, तर जगातील कोणताही निर्धार तेथे कामी आला नसता. आणि त्या पराक्रमानंतर स्पर्धेचा अंतिम सामना दाइगो हरला.

पराभवानंतर रडणे हेही दुर्बलतेचे लक्षण मानले जाते. लीग ऑफ लेजेंड्सचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून मान्यता पावलेला कोरियाचा ली सांग-ह्योक, ज्याला जग फेकर म्हणून ओळखते, तो 2017 साली बीजिंगच्या अंतिम सामन्यात 0-3 असा हरल्यावर हजारो प्रेक्षकांसमोर आपल्या मेजावर मान टाकून रडला होता. 2016 नंतरचे त्याचे पुढचे जगज्जेतेपद 2023 साली आले, आणि मग 2024 व 2025 अशी आणखी दोन.

किरकोळ गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावतो. शिव्या देऊन, कंट्रोलर आपटून राग निवतो, असे म्हणतात. ब्रॅड बुशमन यांच्या 2002 सालच्या प्रयोगात राग आणणाऱ्याला आठवत गुद्दे हाणणारे अधिकच रागावलेले निघाले, त्यामुळे टिल्ट झाल्यावर, म्हणजे रागाने तोल सुटल्यावर, लगेच पुढचा सामना लावू नये, हाच शहाणपणाचा शिरस्ता. जितके तास अधिक तितका खेळाडू मोठा, हेही खरे नाही. अ‍ॅन्डर्स एरिक्सन यांच्या 1993 सालच्या ज्या अभ्यासावरून दहा हजार तासांची कथा निघाली, त्यातील बर्लिनचे उत्तम व्हायोलिनवादक ठरावीक वेळच एकाग्र सराव करीत आणि इतरांपेक्षा अधिक झोप घेत. निर्णायक क्षणी बोटांच्या प्रत्येक हालचालीकडे लक्ष द्यावे, हा सल्ला नवशिक्याला ठीक; मुरलेल्या खेळाडूचा हात त्याने बिघडतो, हे शॉन बाइलॉक यांनी गोल्फ आणि फुटबॉलच्या प्रयोगांत दाखवले आहे. ‘ग्रोथ माइंडसेट’चा तक्ता भिंतीवर लावून क्रमांक वर जात नाही; क्षमता प्रयत्नांनी वाढवता येते ही कॅरल ड्वेक यांची कल्पना मोलाची असली, तरी तिच्यावर आधारलेल्या शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा 2018 साली घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम फारच अल्प आढळला. ई-स्पोर्ट्स म्हणजे जुगार, असे समजणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये त्याचा कारभार क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला आणि 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने त्याला पैसे लावून खेळण्याच्या खेळांपासून स्पष्टपणे वेगळे काढले.

राहिला वयाचा प्रश्न. विशी ओलांडली की संपले, अशा धास्तीने मुले अभ्यास सोडून घाई करतात. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी स्टारक्राफ्ट 2 च्या 3,305 खेळाडूंच्या सामन्यांच्या नोंदी तपासल्या. 2014 सालच्या त्यांच्या निष्कर्षानुसार प्रतिसादाचा वेग चोविसाव्या वर्षापासून मंदावू लागतो हे खरे, परंतु वयाने मोठे खेळाडू सोप्या आज्ञांचा व आटोपशीर डावपेचांचा अवलंब करून ती तूट बरीचशी भरून काढतात. 2025 साली चेंगदू येथे सहावे जगज्जेतेपद मिळवताना फेकर 29 वर्षांचा होता.