राज्य एक, हंगाम अनेक : व्यापाऱ्याने ओळखावयाचा महाराष्ट्र

आपल्याकडे मुलाला धंद्यास लावताना मालाची पारख शिकविली जाते, गिऱ्हाइकाशी बोलणे शिकविले जाते, वही लिहिणे शिकविले जाते. परंतु ज्या मुलखात माल विकावयाचा तो मुलूख कसा आहे, तेथे पाऊस किती पडतो, पीक कोणते निघते आणि लोकांच्या हाती पैसा कोणत्या महिन्यात येतो, हे सहसा कोणी शिकवीत नाही. बहुतेकांना ते नुकसान सोसल्यावरच कळते.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाने काही वर्षांपूर्वी रेडिमेड कपड्यांचा धंदा सुरू केला. बीड जिल्ह्यातील आठवडी बाजार धरून तो फिरत असे. दिवाळीच्या तोंडावर विक्री चांगली झाली. निम्मा माल उधारीवर गेला. 'दोन महिन्यांनी पैसे' अशी बोली होती. जानेवारीत वसुलीस गेला तेव्हा गावोगावी घरांना कुलपे आणि ओट्यावर म्हातारी माणसे. गिऱ्हाइके ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात गेली होती. त्यांना पैसे बुडवावयाचे नव्हते. उन्हाळ्यात परतल्यावर बहुतेकांनी रक्कम चुकती केली. परंतु तोपर्यंत ठोक व्यापाऱ्याने या तरुणाचा माल बंद केला होता आणि धंदा मोडला होता. त्याचा हिशेब चोख होता, मुलखाची माहिती तेवढी नव्हती. असे इतर कोणाचे होऊ नये म्हणून आम्ही आज राज्याच्या निरनिराळ्या विभागांची ओळख व्यापाऱ्याच्या नजरेने करून देत आहोत.

सह्याद्रीमुळे पडलेला फरक

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर असून जिल्हे 36 आहेत. हे राज्य 1 मे 1960 रोजी अस्तित्वात आले. त्यापूर्वी मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि उरलेला बहुतेक भाग मुंबई इलाख्यात होता. म्हणून बाजाराच्या चालीरीती आजही सर्वत्र सारख्या नाहीत.

परंतु खरा फरक सह्याद्रीने पाडला आहे. समुद्रावरून येणारे ढग या डोंगराला अडतात. त्यामुळे कोकणात सुमारे 2,500 ते 3,000 मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. घाट ओलांडून शंभर-दीडशे किलोमीटर पूर्वेस गेले की तोच पाऊस 500 ते 600 मिलिमीटरवर येतो. सोलापूर आणि अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यांचा बराच भाग याच पर्जन्यछायेत आहे. पुढे पूर्वेकडे पाऊस पुन्हा वाढत जातो आणि भंडारा-गडचिरोलीकडे 1,200 मिलिमीटरच्या वर पोहोचतो. पावसावर पीक ठरते, पिकावर पैसा येण्याची वेळ ठरते आणि त्या वेळेवर आपला धंदा अवलंबून असतो.

कोकण

सह्याद्री आणि समुद्र यांमधील ही चिंचोळी पट्टी. किनारा सातशे किलोमीटरहून अधिक लांब. पाऊस भरपूर असला तरी जमीन उताराची, त्यामुळे पाणी वाहून जाते. भाताचे पीक घरखर्चापुरते. विक्रीचा पैसा हापूस आंबा, काजू, कोकम आणि मासळी यांतून येतो. आंब्याचा मुख्य हंगाम मार्च ते मे. पावसाच्या तोंडावर, जून-जुलैमध्ये, यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. तेव्हा बंदरावरच्या गावात उधारी वाढते, वसुली होत नाही.

कोकणचा दुसरा पैसा बाहेरून येतो. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांतील कर्ती माणसे मुंबईत किंवा आखाती देशांत आहेत. ती सुट्टीवर येतात तेव्हा बाजार फुलतो. गणपती, शिमगा, ईद आणि मे महिन्यातील लग्ने हे येथील विक्रीचे दिवस होत. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून मालाची ने-आण सोपी झाली, तरी पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की दोन-दोन दिवस माल अडकतो. पावसाळ्याचा साठा येथे मेअखेर भरून ठेवावा.

पश्चिम महाराष्ट्र

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर हे पाच जिल्हे एकाच नावाखाली येतात. प्रत्यक्षात त्यांचे दोन भाग आहेत. कृष्णा-पंचगंगेच्या काठी ऊस, गूळ आणि हळद. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात कमी पाऊस, ज्वारी, डाळिंब आणि मेंढरे.

ऊसपट्ट्यात कारखान्याचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते. उसाचे पैसे कायद्याने चौदा दिवसांत मिळावयास हवेत. प्रत्यक्षात ते बहुधा हप्त्यांनी आणि उशिरा मिळतात. याउलट दुधाचे बिल साधारणतः दर दहा दिवसांनी मिळते. म्हणून येथे किराणा, कापड आणि चपला यांची विक्री वर्षभर बरी राहते. इचलकरंजीचे यंत्रमाग, सोलापूरची चादर आणि टॉवेल, सांगलीचा हळदीचा व बेदाण्याचा सौदा या तिन्ही ठिकाणी ठोक माल घेणाऱ्याने स्वतः एकदा तरी जाऊन यावे.

नाशिक आणि खानदेश

नाशिक जिल्हा द्राक्षे आणि कांदा यांचा. लासलगावच्या बाजारात निघालेला कांद्याचा भाव देशभर पाहिला जातो. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो आणि चाळीत साठवून चार-सहा महिने थोडाथोडा विकला जातो. भाव पडला तर शेतकरी कांदा धरून ठेवतो आणि दुकानदाराची उधारीही त्याबरोबर अडकते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार म्हणजे खानदेश. तापीच्या काठी रावेर-यावलकडे केळी, इतरत्र कापूस. भुसावळच्या जंक्शनमुळे या भागाचा उत्तर भारताशी संबंध जुना आहे आणि केळीचा मोठा खरेदीदारही तिकडचाच असतो.

मालेगावची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी हे गाव कापडाचे केंद्र केले. कामगाराचा पगार आठवड्याचा, त्यामुळे छोटी विक्री रोखीने होते. परंतु सुताचा भाव वाढला किंवा कापडाला उठाव नसला की माग थांबतात आणि आठवड्याभरात त्याची झळ चहावाल्यापर्यंत पोहोचते. भिवंडीलाही हेच लागू आहे.

मराठवाडा

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), जालना, बीड, धाराशिव (उस्मानाबाद), लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली हे आठ जिल्हे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. पाऊस बेभरवशाचा. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपण विसरता कामा नये.

सोयाबीन ऑक्टोबरात निघते, कापूस दिवाळीपासून, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. लातूरला डाळमिल मोठ्या संख्येने आहेत. जालना बियाण्यांसाठी आणि लोखंडी सळईसाठी प्रसिद्ध आहे. बीडसारख्या जिल्ह्यात मात्र पिकाइतकाच ऊसतोडणीचा विचार करावा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून मजुरांना 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. वसुली त्याच आठवड्यात, टोळ्या गाव सोडण्यापूर्वी करावी. नंतर थेट उन्हाळा उजाडतो. आमच्या त्या तरुणास एवढे कोणी सांगितले असते तरी पुरे होते.

विदर्भ

विदर्भाचेही दोन भाग मानावेत. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम म्हणजे वऱ्हाड. काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर. कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि पुढील तीन महिने पैसा फिरतो. जून उजाडला की शेतकऱ्याचा सगळा पैसा बी-बियाणे आणि खतात जातो. जुलै ते सप्टेंबर कापड दुकानदारास बसून काढावे लागतात. भाडे आणि नोकराचा पगार या तीन महिन्यांसाठी आधीच बाजूस ठेवावा.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. येथे भात, तलाव आणि जंगल. धान नोव्हेंबरच्या सुमारास निघते. तेंदूपत्त्याची मजुरी ऐन उन्हाळ्यात हाती येते. दोन्हींच्या मध्ये नागपूर. संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीस येतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर लांबीचा असून तो जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. त्यामुळे माल लवकर पोहोचू लागला आहे. मात्र विदर्भातील लहान दुकानदारास आता मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याशीही स्पर्धा करावी लागेल.

आमच्या सूचना

एक, नव्या गावी धंदा सुरू करण्यापूर्वी तेथील बाजार समितीत दोन दिवस बसावे. अडत्या, मापाडी आणि हमाल यांच्याकडून गावाची जी माहिती मिळते ती अन्यत्र मिळत नाही.

दोन, उधारीची मुदत महिन्यांत न बांधता पिकावर बांधावी. 'दोन महिन्यांनी' असे म्हणण्याऐवजी 'सोयाबीन विकल्यावर' किंवा 'दुसऱ्या वेचणीला' असे ठरवावे आणि ते वहीत लिहून घ्यावे. गिऱ्हाइकाला ते पाळणे सोपे जाते आणि आपणासही वसुलीचा दिवस कळतो.

तीन, ठोक व्यापाऱ्याकडून माल घेताना त्याची मुदतही त्याच बेताने मागावी. आपले गिऱ्हाईक फेब्रुवारीत देणार आणि आपण डिसेंबरात द्यावयाचे कबूल करणार, यात भांडवल संपते.

चार, जमल्यास दोन निराळ्या विभागांत विक्री ठेवावी. ज्या वर्षी मराठवाड्यात पाऊस दगा देतो, त्या वर्षी कोकणात किंवा यंत्रमागाच्या गावात तोच फटका तितकाच बसेल असे नाही.

हे सारे आमच्या वडीलधाऱ्यांना नवे नव्हते. कोणत्या गावचा आंबा आधी मोहरतो हे बागवान जाणत असत. कोणत्या वाडीवर सुगीनंतर लग्ने निघणार हे मण्याराला ठाऊक असे आणि त्याच बेताने तो बांगड्यांचा माल भरीत असे. त्यांच्याजवळ नकाशा नव्हता, परंतु ते पायी फिरत आणि लोकांशी बोलत. आज आमचा तरुण फोनवर लासलगावचा भाव पाहू शकतो. त्याने त्याबरोबर गावाकडे जाऊन एवढेच विचारावे, 'काका, यंदा तुमच्याकडे पैसा कधी येणार?' उत्तर मिळेपर्यंत गाडीतील माल उतरवू नये.