साच्यातली गोळी: खानदेशातल्या शिशाचा माग

एरंडोल तालुक्यातल्या एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर, मोडीत घालायला काढलेल्या पितळी भांड्यांच्या ढिगात तो मला पहिल्यांदा दिसला. सांडशीसारखे दोन दांडे, टोकाला दोन जाड लोखंडी ठोकळे, आणि ठोकळे उघडले की दोन्हींत अर्ध्या बोराएवढी खोलगट वाटी. घरातल्या आजींना तो अडकित्त्याचाच एखादा प्रकार वाटत होता. तो बंदुकीच्या गोळीचा साचा होता. हे सांगितल्यावर त्या बराच वेळ तो हातात घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आते कोन करस, भाऊ?"

आता कोणी करत नाही, हे खरे. पण तापी-गिरणेच्या या मुलखात गोळी ही बाजारातून आणायची नव्हे, घरी ओतायची वस्तू होती, तो काळ फार जुना नाही. खानदेशाच्या लढायांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्या लढायांतली गोळी कोणी, कशी ओतली, याबद्दल फारच थोडे. हा लेख त्या मागावरचा आहे.

गोळीसाठी शिसेच का, याचे उत्तर चुलीपाशीच मिळते. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते, तिथे शिसे ३२७ अंशांवर पातळ होते. लाकडी कोळसा, फुंकणी आणि लोखंडी पळी एवढ्यावर काम भागते. शिवाय ते जड आहे. पाण्याच्या सव्वाअकरा पटींहून थोडे अधिक वजन, म्हणून लहानशा गोळीतही मार राहतो. १५ मिलिमीटर व्यासाची गोळी सुमारे २० ग्रॅम भरते. व्यास फक्त ३ मिलिमीटरने वाढवला की तीच ३५ ग्रॅमच्या घरात जाते. गोळीच्या वजनावरून नळीचा व्यास सांगण्याची रीत यातूनच पडली. शिकारीची बारा बोअरची बंदूक म्हणजे जिच्या नळीत बसणाऱ्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड होते, ती.

तोडेदार, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या बंदुका कारागिराने एकेक करून घडवलेल्या. त्यामुळे एकाच कारागिराच्या दोन नळ्यांचे व्यासही तंतोतंत जुळतील याची खात्री नसे. म्हणून बंदुकीबरोबर तिचा साचा येई. गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवावी लागे. फार लहान झाली तर दारूचा जोर बाजूने निसटतो, आणि बरोबर बसेल अशी केली तर चार बार झाल्यावर काजळी धरलेल्या नळीत गजाने ठोकूनही ती उतरत नाही. हा नेमका फरक साच्याच्या वाटीत कोरलेला असे. साचा हरवला की बंदूक जवळजवळ आंधळी झाली. त्या आजींच्या घरातून बंदूक केव्हाच गेली होती, साचा मात्र राहिला. नळीचे माप त्यात अजून शाबूत आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

ओतण्याचे काम दिसायला सोपे, पण हाताला वळण लागते. साच्याच्या वाट्यांना आधी दिव्याची काजळी धरायची, म्हणजे शिसे चिकटत नाही. मग साचा तापवायचा. थंड साच्यात ओतलेली गोळी सुरकुतते, म्हणून पहिल्या काही गोळ्या परत पळीत जातात. साचा फार तापला तर गोळीवर दवासारखी पांढुरकी छटा येते. वाटीत तेलाचा अंश उरला असेल तर गोळी एका अंगाने पोकळ राहते. वितळलेल्या शिशावर राखाडी मळी जमते, ती काढत राहावी लागते. आणि पाणी? पाण्याचा एक थेंब पळीत पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेले शिसे अंगावर उडते. ओतून झाले की भोकाच्या तोंडाशी उरलेली दांडी कापायची आणि दोन ठोकळ्यांच्या सांध्यामुळे गोळीवर उमटलेली शिवण घासायची. ही शिवण लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

खानदेशात शिशाच्या खाणी नाहीत, म्हणजे शिसे बाहेरूनच येणार. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर इथल्या खाणी शतकानुशतके चालू होत्या, आणि सुरतेच्या बंदरात परदेशी शिसे उतरत असे. सुरत ते बुऱ्हाणपूर हा व्यापाराचा हमरस्ता तापीच्या खोऱ्यातूनच जाई.

१८१८ मध्ये या मुलखात लागोपाठ लढाया झाल्या. २७ फेब्रुवारीला तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपचे सैन्य चालून आले. दरवाजात इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि नंतर किल्लेदाराला फाशी देण्यात आली. त्याच उन्हाळ्यात, तेव्हा खानदेशातच गणल्या जाणाऱ्या मालेगावच्या भुईकोटात अरब शिबंदीने जवळजवळ महिनाभर इंग्रजांना थोपवून धरले. लांब नळीची तोडेदार बंदूक हे अरबांचे ओळखीचे हत्यार. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यात रसद बाहेरून येत नाही. तिथे दारू, शिसे आणि साचा हे तिन्ही जवळ असलेला माणूसच लढत राहू शकतो.

पुढे १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्याशी लढायचे त्यांनाच सरकारी बंदूक हाती देऊन पगारावर घेण्याचा तो डाव होता. पण सातपुड्यात सगळे काही त्या डावात बसले नाही. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक आणि भीमा नाईक १८५७ मध्ये उठले, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्लांच्या बाजूने तिरकामठा होता, तशा बंदुकाही होत्या. पकडलेल्या अनेकांना तिथेच गोळ्या घालण्यात आल्या. आंबापाणीचे नाव जळगाव-धुळ्याच्या शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवे, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो आहे.

घरची गोळी दोन गोष्टींनी संपली. पहिली म्हणजे कायदा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायला परवाना लागू लागला. आज १९५९ चा कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय गोळ्या बनवणे हा गंभीर गुन्हा आहे. दुसरी गोष्ट यंत्राची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि गोळीचा वेग इतका वाढला की नुसते मऊ शिसे नळीच्या आत कोरलेल्या पिळांत सोलले जाऊ लागले. मग शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवावे लागले. ते घरच्या साच्याच्या आवाक्यातले नव्हते. गोळी मात्र खानदेशाला परत आली, कारखान्याच्या रूपाने. भुसावळचा आयुध निर्माणी कारखाना १९४९ चा, वरणगावचा १९६४ चा. वरणगावला ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसे बनतात. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.

शिसे ओतण्याची घरगुती कला मात्र पूर्ण गेली नाही. फेकजाळ्याच्या काठाला शिशाचे मणी लागतात, आणि नदीकाठच्या वस्त्यांत ते अजून हाताने ओतले जातात. इथे मला स्पष्ट बोलायचे आहे. शिसे विष आहे, आणि लहान मुलांसाठी त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. धोका धुरापेक्षाही जास्त असतो तो मळीच्या बारीक राखेत, ओट्यावर सांडलेल्या धुळीत, न धुतलेल्या हातांत. २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालाने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात घातक पातळीचे शिसे असल्याचा अंदाज मांडला. त्यांतली २७ कोटींहून अधिक मुले भारतातली आहेत. स्वयंपाकाची पळी शिशासाठी वापरू नये, काम घराबाहेर उघड्यावर करावे, मुलांना लांब ठेवावे, आणि जुन्या गाडीची बॅटरी फोडून तिचे शिसे तर कधीच वितळवू नये. मण्यांच्या चार पैशांसाठी पोराची बुद्धी गहाण पडते, हे त्या वस्त्यांत जाऊन सांगणारे कोणी तरी हवे.

आता जुन्या साच्यांविषयी. वापरात असताना त्यांची निगा साधी होती. काम संपले की कोरडे पुसायचे, तेलाचा पातळ हात द्यायचा, बंद करून ठेवायचे. वाटीत शिसे अडकले तर पोलादी टोकाने उकरायचे नाही, कारण एक ओरखडा पुढच्या प्रत्येक गोळीवर उमटतो. आज असा साचा सापडला तर चिंच किंवा लिंबू लावून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. त्यावरची काजळी आणि डाग हीच त्याची कागदपत्रे आहेत. जुन्या गोळ्या लाकडी कपाटात ठेवू नयेत. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी चढते, गोळी झिजत जाते, आणि ती भुकटी विषारी असते.

धुळ्यात बसून वि. का. राजवाड्यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. त्यांनी गावोगावच्या वाड्यांतून दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली. त्यांच्या मागे १९२७ मध्ये धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. कागदांना जे भाग्य लाभले ते माळ्यावरच्या लोखंडाला लाभले नाही. वस्तूंनाही सांगता येते. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणांगणावर १९८३ मध्ये वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली, आणि पुढच्या वर्षी संशोधकांनी तिथली एकेक गोळी आणि काडतूस जागच्या जागी नोंदवले. कोण कुठून लढले, याचे चित्र त्यातून नव्याने उभे राहिले. न उडालेल्या गोळीवर साच्याच्या घासलेल्या शिवणीचा माग दिसतो, लागलेली गोळी चपटी होते, आणि व्यासावरून बंदुकीची जात कळते. आंबापाणीच्या उतारांवर असे काम पुरातत्त्वाच्या जाणकारांनी, तिथल्या पावरा आणि भिल्ल गावांना सोबत घेऊन करावे, अशी माझी मनापासून मागणी आहे. हौशी माणसांनी मात्र तिथे खणू नये. जागेवरून उचललेली गोळी मुकी होते.

त्या वाड्यातला साचा मोडीत गेला नाही. आजींच्या नातवाने वाटीचा व्यास मोजला, तो १६ मिलिमीटर भरला. आता साचा सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. वर नातवाच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, तिच्यावर गाव, वाडा, तो कुठल्या माळ्यावर सापडला ती जागा, आणि ते माप.